रांगेचं शेपूट सरकतं, फलक जागेवरच राहतो

पावसाळा संपून रस्त्यांची कामं पुन्हा सुरू झाली की महामार्गावर रात्री हे दृश्य हमखास दिसतं. अर्धा रस्ता खणलेला. कडेने चुना फासलेले दगड, मधूनमधून वाळू भरलेली पिंपं, त्यांना गुंडाळलेली लाल-पांढरी पट्टी वाऱ्यावर फडफडतेय. एक पिवळा फलक: ‘सावधान, पुढे काम चालू आहे’. आणि या सगळ्याच्या तोंडाशी रेडियमचं जाकीट घातलेला एक पोरगा. एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात बॅटरी.

कोकणात जाताना अशाच एका ठिकाणी आम्ही रांगेत अडकलो होतो. पाय मोकळे करायला उतरलो आणि रांगेच्या कडेकडेने मागे चालत गेलो. बऱ्याच अंतरावर तो पिवळा फलक लागला. त्याच्या अगदी शेजारी एक टेम्पो बंद करून उभा होता. म्हणजे फलक रांगेच्या पोटात गेला होता. रांग त्याच्याही मागे, वळणाच्या पलीकडे पोहोचली होती. ज्याला सावध करायला हवं होतं तो चालक अजून किलोमीटरभर मागे, आपल्या वेगात येत होता आणि त्याच्या वाटेवर एकही फलक नव्हता.

रांगेतला शेवटचा ट्रक त्या वळणापलीकडे उभा होता. त्याच्या चालकाने झाडाची एक फांदी तोडून मागे रस्त्यावर टाकली होती आणि स्वतः मोबाइलचा दिवा हलवत उभा होता. मला पाहून म्हणाला, “साहेब, इथं थांबू नका, कडेला व्हा.” तो बोलतोय तेवढ्यात एक कंटेनर आला, ब्रेक करकचले, जळक्या रबराचा वास आला आणि गाडी ट्रकपासून दोन-तीन हातांवर थांबली.

रस्त्याच्या कामाजवळची सुरक्षा म्हणजे काय, हे मला त्या चालकाने दाखवलं. त्या रात्री धोका खड्ड्यापाशी नव्हताच. तो रांगेच्या शेपटापाशी होता, आणि शेपूट सारखं सरकत होतं. आज जगभर ज्याला ‘स्मार्ट’ तंत्रज्ञान म्हणतात, त्यातला सगळ्यात उपयोगाचा भाग हाच आहे: धोका सरकला की इशाराही सरकला पाहिजे. फांदी आणि मोबाइलच्या दिव्याने तो चालक जे करत होता, तेच यंत्राने, न थकता आणि दोन किलोमीटर आधी करायचं.

शेपूट किती वेगाने सरकतं?

एक ढोबळ हिशेब मांडू. एका दिशेच्या दोन लेनवरून तासाला ३,००० वाहनं येताहेत. कामासाठी एक लेन बंद केली. उरलेल्या लेनमधून तासाला १,५००च वाहनं पुढे जाऊ शकतात असं धरू. म्हणजे तासाला १,५०० वाहनं मागे साचणार, मिनिटाला २५. ती दोन लेनमध्ये उभी राहिली तर प्रत्येक लेनमध्ये साडेबारा. एका वाहनाला पुढच्या-मागच्या मोकळ्या जागेसकट आठ मीटर लागतात असं धरलं, तर रांग मिनिटाला १०० मीटर वाढते.

दहा मिनिटांत एक किलोमीटर. कामाच्या एक किलोमीटर आधी लावलेला फलक चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात रांगेच्या आत जातो.

आता दुसरी बाजू पाहा. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या रस्ते-रचनेच्या मानकांत, समोर अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत लागणारं अंतर ताशी ८० किलोमीटरला १२० मीटर आणि ताशी १०० किलोमीटरला १८० मीटर धरलं आहे. यात चालकाला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले आहेत. रात्री समोरून गाडी येतेय म्हणून दिवे खाली केले तर जेमतेम पन्नास-साठ मीटर नीट दिसतं. रस्ता ओला असेल, ट्रकमध्ये माल भरलेला असेल, तर तो १२०चा आकडाही अपुरा. म्हणजे वळणापलीकडे रांगेचं शेपूट असेल तर चांगल्या, सावध, न प्यायलेल्या चालकालाही ते चुकवणं शक्य होईलच असं नाही. ‘बेदरकारपणे वाहन चालवल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ हे वाक्य आपण बातमीत वाचतो, तेव्हा हा हिशेब कुणी केलेला नसतो.

अमेरिकेत रस्त्यांच्या कामांजवळच्या अपघातांची वेगळी नोंद ठेवतात. तिथे अलीकडे वर्षाला सुमारे ९०० माणसं अशा ठिकाणी मरतात, आणि त्यांतली पाचांपैकी चार गाड्यांमधली असतात, कामगार नव्हेत. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण हा विषय ‘बिचाऱ्या मजुरांचा’ म्हणून बाजूला टाकला जातो. मजुरांचा तो आहेच. पण तुमच्या-माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांचाही आहे.

आपल्याकडे यासाठी नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शिका २००१ पासून आहे, २०१४ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. कामाच्या जागेचे तिने चार भाग पाडले आहेत: आधी सूचना देणारा पट्टा, मग वाहनांना हळूहळू एका बाजूला वळवणारा पट्टा, मग प्रत्यक्ष कामाची जागा आणि शेवटी वाहनं पुन्हा मूळ लेनमध्ये सोडणारा पट्टा. कागदावर हे छान आहे. पण सूचना देणारा पट्टा अमुक मीटरचा, असं एकदा ठरवून फलक रोवले की ते तिथेच राहतात. रांग मात्र दुपारी दोनला वेगळी असते आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला वेगळी.

ट्रेलरवर नेमकं काय असतं?

रांगेची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा दिसायला साधी आहे. चाकांवरचा छोटा ट्रेलर, त्यावर सोलर पॅनेल, खाली बॅटऱ्यांची पेटी, एक खांब, खांबावर शेंगदाण्याच्या डब्याएवढं रडार आणि आत सिम कार्ड घातलेला मोडेम. असे ट्रेलर कामाच्या मागे साधारण एक-एक किलोमीटरवर उभे करतात. त्यांच्याही मागे, पुरेशा अंतरावर, तसेच चाकांवरचे विजेचे फलक असतात, त्यांवरची अक्षरं दुरून बदलता येतात.

रडार रेडिओलहरी सोडतं. त्या येणाऱ्या गाडीवर आपटून परततात, तेव्हा त्यांची वारंवारिता बदललेली असते. फलाटावर उभं असताना जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी बारीक आणि दूर जाणारीची जाड ऐकू येते, तेच तत्त्व. फरक जितका जास्त तितका वेग जास्त. याला उजेड लागत नाही. धुकं आणि पाऊस यांतही ते काम करतं, आणि घाटातल्या जुलैच्या पावसात कॅमेऱ्याच्या काचेवर काय उरतं हे आठवलं की रडारच का, ते समजतं.

समजा, तीन नंबरच्या ट्रेलरपाशी गाड्या ताशी ७५ने जाताहेत. फलकावर नुसतंच ‘पुढे काम चालू’. मग वेग ५०वर येतो. एका गाडीचा नव्हे, कारण एखादा ट्रॅक्टर हळू गेला म्हणून बोंब ठोकायची नसते. यंत्रणा एक-दोन मिनिटांची सरासरी घेते. सरासरीच घसरली की फलक बदलतो: ‘२ किमीवर वाहतूक संथ’. वेग २०च्या खाली गेला की: ‘२ किमीवर वाहतूक थांबलेली, वेग कमी करा’. रांग चार नंबरच्या ट्रेलरपर्यंत पोहोचली की ‘२ किमी’चं ‘१ किमी’ होतं आणि आणखी मागचा फलक जागा होतो. रांग विरली की सगळं आपोआप उलट्या क्रमाने शांत होतं. मुकादमाला फोन करावा लागत नाही.

फलकावर काय लिहायचं, यालाही हिशेब आहे. ताशी ८०ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. फलक २०० मीटरवरून वाचता येत असेल तर हातात नऊ सेकंद. त्यात आरसे बघायचे, शेजारच्या ट्रककडे लक्ष ठेवायचं. म्हणून तीन छोट्या ओळी आणि फार तर दोन आलटूनपालटून येणारे मजकूर, यापलीकडे जायचं नाही, असा अमेरिकी नियम आहे. आपल्या फलकांवर स्वागत, शुभेच्छा आणि सुरक्षेच्या घोषणा सरकत राहतात, तेव्हा खऱ्या सूचनेची जागा त्या खातात. ज्या फलकावर रोज ‘सुरक्षित प्रवास’ लिहिलेलं असतं, त्याच्याकडे धोक्याच्या दिवशीही कुणी बघत नाही.

टेक्सासमध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं. इंटरस्टेट ३५ या महामार्गाचं राज्याच्या मध्यभागातलं सुमारे दीडशे किलोमीटरचं रुंदीकरण काही वर्षं चाललं. वाहतूक चालू ठेवून रात्री लेन बंद करायच्या आणि सकाळी उघडायच्या. तिथे रांगेची सूचना देणाऱ्या या ट्रेलरांबरोबर रस्त्यावर आडव्या टाकता येणाऱ्या रबरी पट्ट्याही वापरल्या. गाडी त्यांवरून गेली की चाकं खडखडतात आणि पेंगुळलेला चालक दचकून जागा होतो. डोळ्यांसाठी फलक आणि शरीरासाठी खडखडाट, अशी ही जोडी. इलिनॉय राज्यात अशाच यंत्रणेनंतर रांगेमुळे होणारे अपघात सुमारे १४ टक्क्यांनी आणि जखमी करणारे अपघात ११ टक्क्यांनी घटले. त्याच काळात लेन बंद ठेवण्याचे दिवस आधीपेक्षा ५२ टक्के जास्त होते, म्हणजे खरा फायदा दिसतो त्याहून मोठा.

पण ही यंत्रणा एका गोष्टीवर जगते: ती खोटं बोलता कामा नये. ‘पुढे वाहतूक थांबलेली’ असं वाचून चालकाने वेग कमी केला आणि पुढे रस्ता रिकामा निघाला, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो फलक मानणार नाही. आपल्याकडे ‘काम चालू’चा फलक काम संपल्यावर महिनाभर तसाच असतो. दर रविवारी काम बंद असतानाही तो ‘वेगमर्यादा २०’ सांगत असतो. त्यामुळे लोक बेपर्वा होतात हे खरं, पण ती बेपर्वाई त्यांना फलकांनीच शिकवलेली आहे. रडारवर चालणाऱ्या फलकाचं मोल मला यात दिसतं: रस्ता मोकळा असताना तो गप्प बसू शकतो.

वेगाचा प्रश्न वेगळा

रांगेच्या सूचनेने चुकणाऱ्या माणसाला वाचवता येतं. मुद्दाम वेगात जाणाऱ्याचं काय?

२२ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराबाहेरच्या ६९५ क्रमांकाच्या वर्तुळाकार महामार्गावर दुभाजकापाशी काम चालू होतं. काँक्रीटचे अडथळे लावलेले होते. दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि त्यांतली एक अडथळ्यांमधल्या फटीतून आत घुसली. ही फट कामाची वाहनं ये-जा करण्यासाठी ठेवलेली होती. आत काम करणारे सहाही कामगार मेले. तपासात दोन्ही गाड्यांचा वेग ताशी १९० किलोमीटरहून जास्त निघाला, मर्यादा सुमारे ९०ची होती.

काँक्रीट लावलं होतं, फलक होते, तरी हे झालं. त्यानंतर मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये कायदा बदलला. कामाच्या जागी वेगाच्या कॅमेऱ्यावर सरसकट ४० डॉलरचा दंड होता. तो वेगाच्या प्रमाणात वाढवला, आणि कामगार हजर असताना तो १,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २०२० पासूनच कामाच्या जागी कॅमेरा लावलेली गाडी उभी करतात. कामगार कामावर असतील तेव्हाच ती चालू आणि आधी तसा फलक लावणं बंधनकारक. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. दंडाचा संबंध माणसांच्या असण्याशी जोडला की तो वसुलीसारखा वाटत नाही.

ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट रुळलेली आहे, ती म्हणजे सरासरी वेगाचे कॅमेरे. साधा कॅमेरा एका जागी वेग पकडतो, म्हणून लोक कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारतात आणि पुढे पुन्हा पळवतात. मागच्याला अचानक ब्रेक मारावा लागतो, म्हणजे आणखी एक धोका. सरासरीच्या पद्धतीत कामाच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि मधलं अंतर किती वेळात कापलं ते पाहतात. चार किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा ताशी ६० असेल तर चार मिनिटांच्या आत बाहेर पडलेली गाडी नियम मोडून गेली, एवढा सरळ हिशेब. मधे पळवून उपयोग नाही, ब्रेक मारूनही नाही. सगळ्या गाड्या एका चालीने जातात, आणि कामगारांना हवी असते ती नेमकी ही एकसारखी चाल.

आपल्याकडे यासाठी कायद्याची जागा तयार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं १३६अ हे कलम आलं, आणि त्याचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झाले. कॅमेरा आहे हे सांगणारे फलक आधी लावले पाहिजेत, असंही त्यांत आहे. त्याच दुरुस्तीतलं १९८अ हे कलम रस्ता बांधणाऱ्यांवर आहे. रचना, बांधकाम आणि देखभालीच्या सुरक्षा मानकांत कसूर होऊन जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. जीव गेल्यावर एक लाख. या आकड्याकडे पाहिल्यावर मला राग येतो, तो मी लपवत नाही.

शेवटचे चार सेकंद

सगळं करूनही एखादी गाडी कामाच्या जागेत घुसणारच. तिच्यासाठी घुसखोरीची घंटा असते. कामाची जागा अडवायला मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंच्या, म्हणजे कोनांच्या, ओळीवर सेन्सर बसवतात, किंवा रस्त्यावर हवेची नळी आडवी टाकतात. गाडीने कोन पाडला किंवा चाक नळीवरून गेलं की कामगारांजवळचा भोंगा वाजतो. काही प्रकारांत दंडावर किंवा हेल्मेटला बांधलेलं यंत्र थरथरतं, कारण डांबर पसरणारा पेव्हर, रोलर आणि रस्ता फोडणारा ब्रेकर यांच्या आवाजात भोंगाही ऐकू येत नाही.

सेन्सर १०० मीटरवर असेल आणि गाडी ताशी ९०ने आली तर मिळतात चार सेकंद. खोल चरात वाकून सळ्या बांधणाऱ्या माणसाला चार सेकंदांत कुठे पळायचं हे आधी माहीत नसेल, तर भोंगा नुसता घाबरवतो. म्हणून काम सुरू होण्याआधी ‘भोंगा वाजला तर या बाजूला’ हे दाखवून देणं, दोन-चारदा करून घेणं, यंत्राइतकंच महत्त्वाचं. याला पैसे लागत नाहीत, रोजची पाच मिनिटं लागतात.

यापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे धक्का झेलणारा ट्रक. कामगारांच्या मागे एक जड ट्रक उभा करतात आणि त्याच्या पाठीला चुरगळणारी पेटी बसवतात. मागून गाडी आदळली तर ती पेटी दबत जाते आणि धक्का गिळते. गाडीतला चालकही वाचतो आणि पुढचे कामगारही. प्रश्न एवढाच की त्या ट्रकमध्ये बसायचं कुणी? आदळून घेण्यासाठीच तो तिथे आहे. म्हणून कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये चालक नसलेला असा ट्रक आणला. पुढचा ट्रक माणूस चालवतो, आपण कुठून गेलो याच्या खुणा तो रेडिओने मागे पाठवत राहतो आणि मागचा ट्रक त्या खुणांवरून त्याच वाटेने येतो. रस्त्यावर पट्टे मारण्यासारख्या सरकत्या कामासाठी तो वापरला. चालकाविना गाडीबद्दल वर्षानुवर्षं पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते तिचा याहून योग्य उपयोग अजून कुणी दाखवलेला नाही.

लेन एकत्र करण्याबद्दल थोडक्यात. गर्दी असेल तर दोन्ही लेन टोकापर्यंत भरू द्यायच्या आणि टोकाला एक इकडची, एक तिकडची, असं चेनच्या दातांसारखं आत घ्यायचं. जर्मनीत हा कायदाच आहे. रांग दोन लेनमध्ये विभागल्याने तिची लांबी जवळपास निम्मी होते. विजेचे फलक रहदारी पाहून ‘दोन्ही लेन वापरा’ किंवा ‘आताच लेन बदला’ असं सांगू शकतात. आपल्याकडे दोन लेनच्या चार आणि साइडपट्टीची पाचवी होते, त्यामुळे टोकाला माणूस किंवा सिग्नल लागेलच.

नकाशाला कोण सांगणार?

आज बहुतेक चालक फलकाआधी फोन पाहतात. काल रात्री बंद केलेला रस्ता आज सकाळी नकाशावर उघडाच असेल, तर तो नकाशाच माणसाला खड्ड्याकडे नेतो. गर्दीवरून नकाशा अंदाज बांधतो खरा, पण कमी वाहतुकीच्या रस्त्यावर रात्री अंदाज बांधायला गाड्याच नसतात.

यावरचा उपाय म्हणजे कामाच्या जागेनेच आपली माहिती द्यायची. अमेरिकेत २०१९ पासून यासाठी एक समान नमुना आहे: काम कुठून कुठपर्यंत, कोणती लेन बंद, कधीपासून, कामगार हजर आहेत का. हे एका ठरलेल्या साच्यात भरलं की कुठलंही नकाशा-ॲप ते वाचू शकतं. लेन बंद करताना चमकता बाण दाखवणारा ट्रेलर लावतात, त्यातच जीपीएस असतो. बाण पेटवला की ‘इथे लेन बंद झाली’ हे आपोआप कळतं, विझवला की उघडली. जर्मनीत असे ट्रेलर येणाऱ्या गाड्यांना थेट रेडिओने सावध करतात, आणि काही नव्या गाड्यांत वेगाच्या काट्याशेजारी ती सूचना उमटते.

आपल्याकडे याची सुरुवात साध्या फोनवरूनही करता येईल. लेन बंद करताना मुकादमाने एक बटण दाबायचं, उघडताना दुसरं. जागा आणि वेळ फोन स्वतःच नोंदवेल.

इथे आणायचं तर

महाराष्ट्रात काहीच झालेलं नाही असं म्हणता येणार नाही. ९४.५ किलोमीटरच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे, वेगमापक आणि विजेच्या फलकांची एकत्रित यंत्रणा सुरू आहे. तिच्या कमानी उभारताना दुपारी तासा-दोन तासांचे ब्लॉक घ्यायचे आणि त्याची सूचना आधी द्यायची, ही पद्धत रेल्वेच्या मेगाब्लॉकसारखी लोकांना समजली. नागपुरात २०२१ पासून ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसना समोरच्या धडकेची आगाऊ सूचना देणारी यंत्रं बसवली गेली, आणि त्यांच्या नोंदींवरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा शोधण्याचा प्रयत्न झाला. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात २०२२ आणि २०२३च्या उन्हाळ्यात दुपारचे काही तास वाहतूक पूर्ण बंद ठेवून काम केलं गेलं. लोकांचे हाल झाले, पण वरून दरड कोसळू शकते अशा ठिकाणी तोच सुरक्षित मार्ग होता. वाहतूक आणि काम एका जागी, एका वेळी नसणं यापेक्षा मोठी सुरक्षा नाही, हे कुठल्याही सेन्सरच्या आधी मानायला हवं.

बाहेरचं यंत्र उचलून इथे ठेवलं की चालेल, असंही नाही. आपली वाहतूक लेनमध्ये चालत नाही, त्यामुळे लेनगणिक गाड्या मोजणारं यंत्र गोंधळतं. दुचाकी ट्रकच्या आडून निघतात. उलट्या दिशेने येणारे असतात. घाटात मोबाइलची रेंज जाते, मग मोडेम काय पाठवणार? ट्रेलरवरच्या बॅटऱ्या आणि पॅनेल चोरीला जाण्याची भीती प्रत्येक साइट इंजिनिअरच्या मनात असते, आणि ती रास्त आहे.

यातल्या काही अडचणींवर तोडगा आपल्याच हातात आहे. गाड्या मोजण्याऐवजी सगळ्या प्रवाहाचा वेग मोजायचा. फेब्रुवारी २०२१ पासून चारचाकींना फास्टॅग सक्तीचा आहे. कामाच्या दोन्ही टोकांना टॅग वाचणारं यंत्र ठेवलं तर मधला पट्टा ओलांडायला आत्ता किती मिनिटं लागताहेत हे लगेच कळेल. दुचाकी त्यात येणार नाहीत, पण रांग किती वाढलीय ते समजेल. रेंज नसलेल्या घाटात ट्रेलर एकमेकांशी थेट रेडिओने बोलू शकतात.

खरी अडचण पैशाच्या मांडणीत आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या कामांच्या मानक तपशिलात कलम ११२ हे बांधकामादरम्यानच्या वाहतूक व्यवस्थेचं आहे. फलक, अडथळे, दिवे, झेंडेवाले सगळं त्यात येतं. पण या व्यवस्थेचा खर्च कामातच अंतर्भूत आणि कंत्राटदाराची जबाबदारी मानलेला आहे. साध्या भाषेत सांगायचं तर खडीचे पैसे घनमीटरवर मिळतात, डांबराचे टनावर, आणि फलकाचे वेगळे काही मिळत नाहीत. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं, तेव्हा काटकसर कुठून सुरू होते हे सांगायला नको. सुरक्षेला बिलात स्वतःची ओळ द्या, ट्रेलर जितके दिवस चालू तितक्या दिवसांचे पैसे द्या आणि बंद पडलेल्या दिवसाचे कापा. यंत्रणा चालू होती की नव्हती याची नोंद ती स्वतःच ठेवते, त्यामुळे मोजमापावर वादही होणार नाही. ही एक ओळ बदलली तर बाकीचं तंत्रज्ञान बाजार आपोआप आणेल, असं माझं ठाम मत आहे.

एक तपशील राहिला. कोन लावताना ते वाहतुकीच्या दिशेने, आधी सूचनेच्या टोकापासून लावत जातात, आणि काढताना उलट, कामाच्या टोकापासून मागे येत काढतात, म्हणजे शेवटचा इशारा शेवटपर्यंत उभा राहतो. दिवसभर कोनांच्या आड काम केलेला माणूस या वेळी कोनांच्या बाहेर असतो. पहाटेचे चार वाजलेले असतात, रस्ता मोकळा झालेला असतो, गाड्यांचा वेग वाढलेला असतो. कोलोरॅडोत अशा वेळी त्याच्या मागे रिकाम्या केबिनचा ट्रक संथपणे चालू शकतो. आपल्याकडे त्याच्या मागे त्याच्याच जोडीदाराचा हात असतो, बॅटरी हलवणारा.